सरांचा रविवार

ज्याच्या वागण्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही असा एकही माणूस साऱ्या अमळनेरात नव्हता, असं आमच्या शेजारच्या खोलीतल्या सरांबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकतो. ते उत्तर ऐकून घ्यायला मात्र मी एकटाच होतो. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका कॉलेजच्या कचेरीत कारकून होतो आणि सर त्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. वर्गात मुलं सात, त्यातली तीन कायम गैरहजर. सरांची चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले. आमच्या खोल्यांमध्ये एका विटेची भिंत होती आणि दोन्ही वेळचं जेवण एकाच खानावळीत. त्यामुळे माझी सुटका नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोही होती.

लोक जसे वार धरतात तसे सरांनी पंथ धरले होते. सोमवार-मंगळवार वर्तनवादाचे. त्या दिवशी माणूस म्हणजे सवयींचं गाठोडं. बुधवारी मनोविश्लेषण, म्हणजे सगळ्याचं मूळ बालपणात. गुरुवार समष्टिवादाचा, त्या दिवशी सुटे भाग बघायचे नाहीत, अख्खं चित्र बघायचं. शुक्रवार-शनिवार मानवतावाद, त्यात माणूस स्वतंत्र आणि स्वतःच्या इच्छेचा मालक. एका दिवशी दोन पंथ त्यांना दुधात कांदा घातल्यासारखे वाटत. मला नखं खायची खोड. सोमवारी कारण निघालं की खाल्ल्यावर बरं वाटतं म्हणून ती टिकली. बुधवारी त्याच नखांमागे माझं लवकर तुटलेलं आईचं दूध निघालं, आणि हे त्यांनी खानावळीत, पंगत बसलेली असताना सांगितलं. गुरुवारी म्हणाले, नुसती नखं काय बघता, माणूस बघा. शनिवारी मला आदराची भूक असल्याचं ठरलं. नखं मी अजून खातो.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. एका बुधवारी आमटी खारट झाली, तेव्हा सरांनी त्यांना विचारलं की सासूबद्दलचा राग मनात दाबून ठेवलाय का. अक्का म्हणाल्या की सासू देवमाणूस होती, मीठ दोनदा पडलं. सरांनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं आणि पुढचे चार बुधवार ते आमटीला हात लावेनात. कॉलेजच्या शिपायावर तर त्यांनी रीतसर प्रयोग केला. तो वेळेवर आला की त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवायचे. आठ दिवस शिपाई घड्याळासारखा आला. नवव्या दिवशी त्यानं सोबत गूळ मागितला, आणि पुढच्या आठवड्यापासून सर पिशवी घेऊन दारात त्याची वाट बघत उभे दिसू लागले. कोणाला कोणाची सवय लागली, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

रविवारी मात्र सरांना पंथ नसे. त्या दिवशी ते काहीच सांगत नसत. सकाळी धोतर वाळत घालावं तसा बारीकसारीक कामांत वेळ वाळवत, दुपारी भिंतीपलीकडून एकदा खोकत आणि संध्याकाळी स्टँडवर जाऊन गाड्या बघत. मला तो खोकला ऐकवत नसे. बाकी सहा दिवस ते इतकं का बोलतात, हे मला त्या एका दिवसात कळायचं.

त्यांना जगात एकच माणूस होतं, थोरली बहीण. धुळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली, गाडीनं दीड तासाच्या वाटेवर. आई होती तोवर ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायची. आई गेली त्याला सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत ती एकदाही आली नव्हती. आखाजीला खानदेशात साऱ्या लेकी माहेरी येतात, गल्लोगल्ली झोके बांधले जातात. आदल्या दिवशी सर दाढी करून, इस्त्रीचा बुशशर्ट घालून दुपारपासून धुळ्याच्या गाड्यांपाशी उभे राहत आणि शेवटची गाडी रिकामी झाली की परत येत. मग वर्षभर कारणं चालत. सोमवारी, मागच्या येण्यात काही कडू घडलं असेल. बुधवारी, लहानपणी आई माझे जास्त लाड करायची, तो सल. गुरुवारी, आईशिवाय माहेराचं चित्रच तिला पुरं दिसत नसेल. मी मान हलवत असे.

एका वर्षी आखाजीच्या तोंडावर अक्कांनी जेवताना सहज विचारलं की बहिणीला काय निरोप धाडता. सर म्हणाले, दरवर्षी कार्ड टाकतो. काय लिहिता? सरांनी सांगितलं, "तुझी इच्छा असेल तर ये." आणि वर समजावलंही की घ्यायला जाणं त्यांना पटत नाही, बाई म्हणजे काय सामान आहे कुणी उचलून आणायला, तिनं स्वतःच्या मनानं आलं पाहिजे. तो शनिवार होता. अक्कांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"सर, बहीन चिठ्ठीवर येस का? लेवाले जाणं पडस."

घ्यायला जावं लागतं, एवढं ऐकून सर जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आखाजी सोमवारी. सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं आणि बरोबर येता का विचारलं. गावात पोचलो तेव्हा उन्हं तापली होती. गल्लीच्या टोकाच्या घराच्या ओट्यावर एक पिकल्या केसांची बाई नवं लुगडं नेसून बसली होती आणि तिच्या पायाशी दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी होती. सरांना पाहून ती उठली नाही. पदरानं नाक पुसून म्हणाली, "सात वरीस हुयनात भाऊ. दर आखाजीले पेटी भरीसन बठस. कोनी लेवाले उना नही."

सरांनी पेटी उचलली. परतताना तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः पेटी मांडीवर घेऊन बसले. ती चार दिवस राहिली. भिंतीपलीकडून मला दोघांच्या अहिराणी गप्पा ऐकू येत. त्या चार दिवसांत सरांनी कुणाच्याही वागण्याचं कारण सांगितलं नाही.

पुढे माझी जळगावला बदली झाली. नव्वद सालानंतर कधीतरी आखाजीच्या आदल्या दिवशी कामासाठी अमळनेरला गेलो, तर स्टँडवर सर दिसले. तोच इस्त्रीचा बुशशर्ट, केस पांढरे. मी हसत म्हणालो, निघालात वाटतं आणायला. ते म्हणाले, बहीण दिवाळीत गेली. मग आता तिथं कोण आहे, असं मी विचारून बसलो. जन्मभर माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारे सर खाली बघत म्हणाले,

"कोनी नही. पन जाणं पडस."

धुळ्याची गाडी लागली. सर चढले आणि खिडकीची जागा मोकळी ठेवून तिच्या शेजारी बसले.