उलटतपासातला बारावा प्रश्न

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात वकिली करते आहे. अपघाताच्या केसेसमध्ये ड्रायव्हरची बाजू मांडणं हे माझं मुख्य काम. पुराव्याशिवाय मी शेजारणीचंही ऐकत नाही. तरीही हे लिहायला बसले आहे... नावं आणि खुणा बदलल्या आहेत, बाकी जसंच्या तसं.

अशील संतोष. मूळचा वाशिमकडचा, पुण्याजवळ मांजरीत भाड्याने राहायचा, भाजीचा टेम्पो चालवायचा. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, सकाळी साडेसातला रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना त्याच्या टेम्पोची धडक बसली. बाई गेल्या. भरधाव, निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा आरोप. घरी बायको, दोन शाळकरी मुली, आणि कमावता तो एकटा.

त्याने मला सांगितलं ते असं — बाई दुभाजकाच्या फटीतून अचानक आल्या, जागीच गेल्या, लोक मारतील म्हणून मी न उतरता सरळ पोलीस चौकी गाठली. कागदोपत्रीही 'जागीच मृत्यू' असंच होतं. प्रत्यक्षदर्शी एकच, रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला. त्याची साक्ष मोडली की संतोष सुटणार, हे स्पष्ट होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. उलटतपासाचे प्रश्न आदल्या संध्याकाळी हाताने लिहायचे, नंबर घालून. एकूण किती ते वर गोलात. पानाचा फोटो ज्युनिअरला. कोर्टात एकेक विचारायचा, टिक करायची, पुढे. आणि ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधीही विचारायचा नाही. प्रत्येक ज्युनिअरला हे मी पहिल्याच दिवशी बजावते.

त्या दिवशी प्रश्न अकरा होते.

दहाव्यापर्यंत पंक्चरवाला घामाघूम. दुकानासमोर ट्रक उभा होता — कबूल. आवाज ऐकून बाहेर आलो, धडक पाहिली नाही — कबूल. अकराव्याला, वेगाचं सांगता येणार नाही, म्हणाला. मागून माझी ज्युनिअर मृणाल पुटपुटली, "मॅडम, झालं. बसा आता."

मी टिक केली आणि खालची ओळ वाचली.

"बाई पाणी मागत होत्या तेव्हा ड्रायव्हर काय करत होता?"

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. पाणी? कसलं पाणी?

साक्षीदाराने पिंजऱ्याचा कठडा धरला. "तुमाला... तुमाला कुनी सांगितलं?"

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"उतरला हुता, साहेब. तिच्यापाशी उभा ऱ्हायला. ती पाणी पाणी करत हुती. मग गाडीत बसला अन् गेला." तो रडायला लागला. "मीबी नाय गेलो. कळशी भरलेली हुती दुकानात. पोलिसांच्या लफड्यात कोन पडनार म्हनून शटर खाली घेतलं. आजपतुर बायकोलाबी बोललो नाय."

सरकारी वकील माझ्याकडे वळून म्हणाले, "आभारी आहे. आज मला आपण काही कामच ठेवलं नाहीत."

मी पान पाहिलं. वर गोलात ११. खाली बारावा प्रश्न, माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनाने. मृणालच्या फोनमधल्या फोटोत अकराच. अकराव्याखाली कोरा कागद.

"सकाळी घाईत लिहिला असेल तुम्ही," ती म्हणाली. असेलही. अक्षर माझंच आहे, मी नाकारत नाही. पण पाण्याचं मला कसं कळलं? ते संतोष आणि पंक्चरवाला या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही ते कुठेच सांगितलं नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये संतोष भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तो जवळ आला.

"मॅडम, तुमालेबी पाणी मांगलं का तिनं?"

मी हातातलं पान घडी करून फाइलीत सरकवलं.

"मले वाटे," तो म्हणाला, "फक्त मलेच मांगते."

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. वेगाचा पुरावा नव्हताच. पण तडफडत्या बाईला टाकून गेला आणि वर खोटं बोलला, हे कोर्टापुढे आलं आणि तिथून काही सावरता आलं नाही. अपील दुसरे वकील पाहतात. बायको मुलींना शाळेतून काढून गावी घेऊन गेली.

ते पान मी एका हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवलं, एका डॉक्टरांनाही. दोघांकडेही माझ्याइतकंच उत्तर आहे... म्हणजे काहीच नाही. रात्री व्यवस्थित झोप लागते. मी अडकते ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. संतोषने पहिल्याच भेटीत मला पाण्याचं खरं सांगितलं असतं, तर मी त्याला काय सल्ला दिला असता?

हे पुन्हा कोणापाशी काढू नकोस, असाच.