विक्रोळीचा भोंगा, क्रमांक त्रेसष्ट

शेवटच्या भेटीत तुमच्या आजोबांनी माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या, निळी वही आणि मनगटावरचं घड्याळ. हॉस्पिटलात दाखल करताना घड्याळ काढून पिशवीत घालून आपल्याच हातात देतात, ती पिशवी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, "अहो, इथे कुठे वेळेवर जायचंय तुम्हाला?" त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि नुसता हात पुढे केला. मी घड्याळ बांधलं. ते इतकं सैल झालं होतं की हात उचलला की कोपराकडे घसरायचं. तेवढ्यात खिडकीखाली एक अ‍ॅम्ब्युलन्स कर्कश वाजत आत शिरली, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी उशी कानावर ओढली, आणि हे मात्र घड्याळात बघत शांतपणे म्हणाले, "साडेदहा होतायत. सोमवार ना आज? विक्रोळीचा वाजेल आता. लिही." मी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याला आता सात आठवडे होतील.

रेवा आणि ओजस, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. पुरवणीत छापून आलं की इतरही वाचतील, म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील, त्या सोसा. टोरोंटोत तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. आईकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं, माझी शाळा आणि कॉलेज इंग्रजीतच झालं. पण आजोबांशी मी पन्नास वर्षं भांडले ते मराठीत, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

युद्धात किंवा मोठ्या संकटात शहराला सावध करण्यासाठी गच्च्यांवर जे मोठे भोंगे बसवलेले असतात, त्यांची देखभाल करणं हे आजोबांचं काम. सरकारी नोकरी, आणि मुलुंडपासून ट्रॉम्बेपर्यंतचा पट्टा त्यांच्याकडे. एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी ते नुकतेच लागले होते. भोंगा चढउतार करत वाजला तर धोका, सलग एका सुरात वाजला तर धोका टळला, एवढं त्या काळी लहान मुलांनाही ठाऊक होतं. आजोबांना त्यापुढचं कळायचं. कोणता वाजतोय, त्याची मोटर किती जुनी, आत पाती किती, आज विजेचा दाब कमी आहे का, हे ते घरात बसून सांगायचे. मुलुंडचा भोंगा चढताना मध्येच अडखळायचा, त्याला ते दमेकरी म्हणत. आमच्या घाटकोपरच्या भोंग्याचं नाव आत्याबाई, कारण तो कुरकुरतच सुरू व्हायचा. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गच्चीवरचा सगळ्यांत जुना, तो म्हातारा. आमच्या सोसायटीत आजोबांनाच सगळे भोंगेकाका म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं.

हे सगळं मला कौतुकाचं वाटत होतं असं समजू नका. तुमच्या आईचं बारसं मुलुंडला माझ्या माहेरी होतं. पाळणा सजवलेला, बायका जमलेल्या, आणि नाव सांगायला आजोबांची बहीण पाळण्यात वाकलेली. तेवढ्यात दमेकरी वाजला. चाचणीचाच होता, कुणी लक्षही दिलं नाही. हे मात्र उभे राहिले. "बेअरिंग चाललंय. आज-उद्यात अडकेल," एवढं म्हणून चपला घालून निघून गेले. त्यांची बहीण पाळण्यातूनच म्हणाली, "दादाला पोरीचं रडणं ऐकू येत नाही गं वहिनी, भोंग्याचा खोकला बरोबर ऐकू येतो." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दोन तासांनी ते आले, हात कोपरापर्यंत काळे, आणि पेढ्यांच्या ताटाशेजारी एक झिजलेलं बेअरिंग ठेवून माझ्या वडिलांना म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?" खरंच ते पार गेलेलं होतं. त्यांचं बरोबर असायचं, हाच तर त्रास होता. जो माणूस नेहमी बरोबर असतो त्याच्याशी भांडायचं कसं...

कान कसा लावायचा हे त्यांनी मला मिक्सरवर शिकवलं. मी चटणी वाटत होते. त्यांनी येऊन मिक्सर बंद केला आणि म्हणाले, "आता ऐक. बटण बंद केलं तरी आतलं पातं फिरत राहतं, आवाज हळूहळू खाली बसतो. भोंग्याचंही तसंच. चढताना सगळे थोडेफार सारखे, उतरताना प्रत्येकाचा स्वभाव कळतो." त्या उतरण्याला ते शेपूट म्हणायचे. शेपूट किती लांब, हे ते मधल्या बोटाने गुडघ्यावर ठोके देत मोजत, सेकंदाला एक. नको नको म्हणता मलाही ते जमायला लागलं. आत्याबाई अठरा ठोक्यांत गप्प व्हायची, दमेकरी पंचवीसला.

निवृत्तीनंतर तुमच्या आईने त्यांना एक छोटा रेकॉर्डर आणून दिला आणि आमच्या गॅलरीत नवीन नोकरी सुरू झाली. प्रत्येक भोंग्याच्या चाचणीचा वार आणि वेळ ठरलेली असते. ते वेळापत्रक एके काळी त्यांनीच बसवलेलं, त्यामुळे पाठ होतं. लांबच्या भोंग्यांसाठी ते रेकॉर्डर खिशात घालून बसने जायचे, जवळचे गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतून. त्या वेळी घरात पंखा बंद, कुकर बंद, माझं तोंड बंद. वरून विमान गेलं तर त्यालाही शिव्या. भोंगा वाजून संपला, रेकॉर्डर बंद झाला की ते नाव सांगणार आणि मी निळ्या वहीत लिहिणार: क्रमांक, तारीख, वेळ, कुठला, शेपूट किती. बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. तिथे आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो होतो, चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. म्हणून मी म्हणायचे, "खात्री आहे ना? मी शाईने लिहिते." ते म्हणायचे, "तू लिही गं."

वहीत अडुसष्ट नोंदी आहेत. पहिल्या पन्नास बिनचूक आहेत, त्यांची हमी मी देते. पुढच्या अठरांबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे.

साधारण चार वर्षांपूर्वी घरातला टीव्ही मोठा होऊ लागला. मग दारावरची बेल. मग फोनवर तुम्ही काही विचारलंत की ते फोन माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "नेटवर्क नाही धड." मी त्यांना कान तपासायला नेलं, कानाचं मशीन करून आणलं. चार दिवस घातलं, मग डबीत ठेवलं. "त्यातून माझंच चावणं ऐकू येतं. आणि भोंगा प्लास्टिकचा वाटतो."

"मग बिनमशीनचा कसा वाटतो?"

"माझे कान ठीक आहेत. तू पुटपुटतेस हल्ली."

पन्नास वर्षांत मी कधी पुटपुटले नाही, हे सोसायटीत कुणालाही विचारा. पण त्यावरून रोज भांडण, आणि भांडण तरी कसं, तर मी खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडायचं आणि त्यांनी शांतपणे म्हणायचं, "ओरडतेस कशाला?" मशीनची डबी औषधांच्या खणात मागे मागे सरकत गेली. मी ती पुढे ठेवायची, ते मागे सारायचे.

अशातच एका सोमवारी विक्रोळीचा वाजला. गॅलरीत मीही होते, वही घेऊन. आवाज चढला, टिकला आणि एकदम तुटला, दोरी कापल्यासारखा. शेपूटच नाही. ज्यात काही फिरतंच नाही, त्यालाच असं थांबता येतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते, मधलं बोट गुडघ्यावर ठोके देत होतं. आवाज कधीच थांबला होता आणि बोट चाललेलंच. मग त्यांनी रेकॉर्डर बंद केला. "म्हातारा. अजून ठणठणीत. लिही, चौतीस."

मी लिहिलं. शाईने. क्रमांक सत्तावन्न.

त्याच आठवड्यात मी त्यांना न सांगता रिक्षा करून विक्रोळीला त्या कारखान्याच्या गेटवर गेले. तिथला वॉचमन म्हणाला, "जुना भोंगा ना काकू? तो कधीच उतरवला. भंगारात गेला. आता वर स्पीकर आहेत, आतून बटण दाबतात." घरी आले तर हे विचारतात, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, "भाजी आणायला." हातात भाजी नव्हती, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना सांगावं की नाही, यावर मी कितीतरी दिवस स्वतःशी वाद घातला. सांगितलं असतं तर म्हातारा गेला हे एक कळलं असतं आणि आपले कान गेले हे दुसरं. मी सांगितलं नाही. त्याला दया म्हणायचं की भित्रेपणा, ते तुम्ही ठरवा. वही लिहिणारी मी होते, आणि जाणूनबुजून खोटं लिहीत होते, हे मात्र ठरवण्यासारखं काही नाही.

मग तुम्ही दोघांनी त्या अडुसष्ट रेकॉर्डिंगचं पान नेटवर तयार केलंत, माझ्या वहीतल्या नोंदींसकट. आजोबांना इतका आनंद झाला होता की त्यांनी खालच्या किराणावाल्यालाही ते दाखवलं. कुठल्याशा परदेशी गृहस्थांनी, ज्यांना अशाच जुन्या भोंग्यांचा नाद आहे, सत्तावन्न नंबरखाली अगदी सभ्यपणे लिहिलं की शेवट एकदम तुटतो, मोटरचा भोंगा असा थांबत नाही, हा लाउडस्पीकर तर नाही ना? आणि ओजस, तू त्यांना उत्तर दिलंस, "माझ्या आजोबांनी हा भोंगा तीस वर्षं स्वतःच्या हातांनी सांभाळला. तुम्ही तो कधी पाहिला तरी आहे का?" तू मला ते फोनवर वाचून दाखवलंस. मी म्हटलं, "छान लिहिलंस." त्या दिवसापासून मला धड झोप नाही. माझा नातू खऱ्या बोलणाऱ्या माणसाशी भांडला, आणि त्याच्या हातात खोटी नोंद मी दिलेली होती.

आता त्रेसष्ट नंबरचं. गेल्या आठवड्यात रेवाचा मेसेज आला, "आजी, ६३ मध्ये भोंगाच नाही. डिलीट करू?"

रेवा, तुझं बरोबर आहे. त्या सोमवारी भोंगा वाजलाच नाही. सुट्टी असेल, बिघडला असेल, मला माहीत नाही. मी समोर बसले होते आणि माझे कान चांगले आहेत. साडेदहा झाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, बोट वर केलं, डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच ऐकण्याचे भाव, ते मी हजार वेळा पाहिलेले. बराच वेळ तसेच बसले. मग बोट खाली आलं आणि ठोके सुरू झाले, या वेळी गुडघ्यावर नाही, खुर्चीच्या लाकडी हातावर. रेकॉर्डिंग चालू असताना कागद सळसळला तरी ज्यांना चालायचं नाही, ते टक टक टक वाजवत होते आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. ठोके थांबले. रेकॉर्डर बंद करायचंही विसरले आणि म्हणाले, "उतरला. ऐकलंस?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी त्या दिवशी नाटक केलं की त्यांना खरंच ऐकू आला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ज्यांना विचारायचं ते निघून गेले. याचा मला राग येतो. मशीन डबीत ठेवलं याचा येतो त्याहून जास्त येतो. नाटक असेल तर बायकोसमोर कशासाठी? आणि खरंच ऐकू आला असेल, तर मला एकदा सांगायचं होतं, की अगं, हल्ली बाहेरचं काही येत नाही, आतलंच वाजतं. मी ओरडणं तरी थांबवलं असतं...

तुझा मेसेज आल्यावर मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या खुर्चीत बसले. आधी त्रेसष्ट लावला. कावळे आहेत, खालच्या जोशींचा कुकर आहे, एक विमान आहे. मग ठोके, ते मी मोजले. मग त्यांचा आवाज आणि माझा. अडुसष्ट रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज फक्त याच एकात आहे, कारण बाकी सगळ्यांत त्यांनी घराला गप्प बसवलेलं आहे. त्यानंतर क्रमांक सात लावला. तो दहा वर्षांपूर्वीचा, खरा म्हातारा, त्यांनी विक्रोळीला जाऊन घेतलेला. आवाज उतरायला लागल्यावर त्यांचं घड्याळ समोर ठेवून मी खुर्चीच्या हातावर ठोके देत गेले. चौतीस. पुन्हा त्रेसष्ट लावला. तिथेही चौतीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

तेव्हा आता माझं ऐका. एक्कावन्नपासून पुढच्या नोंदींवर मी वहीत पेन्सिलीने 'खात्री नाही' लिहिलं आहे, तुम्हीही पानावर तसंच लिहा. सत्तावन्नसमोर 'लाउडस्पीकर' असं स्पष्ट लिहा. ओजस, त्या गृहस्थांची माफी माग, आणि चूक आजोबांची नसून नोंद करणाऱ्या आजीची होती असं सांग, कारण ते खरं आहे. त्रेसष्ट पुसायचा नाही. त्याची जुनी नोंद मी खोडली आहे आणि खाली नवीन केली आहे, ती जशीच्या तशी उतरवून घ्या:

क्रमांक ६३. सोमवार, सकाळी साडेदहा. विक्रोळी, जुना भोंगा. वाजला नाही. शेपूट चौतीस.