शेजारच्यांची मुलं

त्या वर्षी मी घरात बसून होते असं लोक म्हणायचे. मी बसलेली नव्हतेच. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून गॅलरी, गॅलरीतून पुन्हा स्वयंपाकघर, अशी दिवसभर फिरत असायचे. लेक साडेचार वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. नवरा सकाळी आठला जासईला जायचा, कंटेनरच्या यार्डात कागदपत्रांच्या कामाला. तो जिना उतरू लागला की मला त्याचा भयंकर राग यायचा. त्याचं चुकलेलं काहीच नसायचं. त्याला जिना उतरता यायचा, एवढंच.

लेक व्हायच्या आधी मी वाशीत एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग काढायचे. तिथे मला एक खुर्ची होती आणि तिच्यावर मी सलग दोन-दोन तास बसायचे. नवीन पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात उभ्याउभ्या गार चहा पिताना मला ते कुणा दुसऱ्याच बाईबद्दल ऐकल्यासारखं वाटायचं. मुलं मला आवडत नव्हती असं नाही. पण दिवसातून एकदा तरी चपला घालून निघून जावंसं वाटायचं, आणि एक चप्पल घातली की दोघंही दारात तयार असायची. मुलाच्या पायात तर माझीच दुसरी चप्पल असायची.

अशात बेलापूरच्या एका ऑफिसात जागा असल्याचं मैत्रिणीने कळवलं. तिथल्या बाई आधी फोनवर बोलणार होत्या, मंगळवारी सकाळी अकराला. ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती, की नवऱ्यालाही मी ते अर्धंच सांगितलं.

मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत यायची, तीही वॉशिंग मशीनला खेटून उभं राहिलं तर. म्हणून मी बेत असा आखला: मुलगा पावणेअकराला झोपेल, लेक कुरमुऱ्यांची वाटी घेऊन टीव्हीसमोर बसेल आणि मी गॅलरीचं दार ओढून घेऊन शहाण्यासारखी बोलेन. सोमवारी याची रंगीत तालीमही झाली. मुलगा बरोबर पावणेअकराला झोपला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मंगळवारी तो दहाला झोपला आणि बरोबर अकराला आमच्या मासेवाल्या मावशींनी बेल वाजवली. मावशी उरणकडच्या. एरवी नऊच्या ठोक्याला यायच्या, त्या दिवशी त्यांची सहाआसनी रिक्षा वाटेत बंद पडली होती. माझ्या हातून बोहनी झाली, म्हणजे दिवसाची पहिली विक्री मला झाली, की पाटी संध्याकाळच्या आत रिकामी होते असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे बोहनीशिवाय त्या आमच्या दारातून हलायच्या नाहीत. मी नको म्हटलं तर उंबऱ्यात बसून राहायच्या आणि मुलाला खेळवायच्या.

बेल वाजली, मुलगा उठला, आणि त्याच क्षणी गॅलरीत फोनही वाजला.

मी लेकीला म्हणाले, "दार कुणालाही उघडायचं नाही," आणि गॅलरीत पळाले. दार ओढून घेतलं, मशीनला खेटले, आवाज गोड केला. बाई स्वभावाने चांगल्या वाटल्या. वाशीत काय काम केलं, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग जमतं का, असं विचारत होत्या. मी उत्तरं देत होते आणि काचेतून आत बघत होते. मुलगा रांगत गॅलरीच्या दाराशी आला, काच धरून उभा राहिला, आणि हाताला आलेली खालची कडी त्याने सरकवली. आतून. मग मी त्याच्याकडे येत नाही हे बघून त्याने भोकाड पसरलं.

"मधली पाच वर्षं काय करत होता?" बाईंनी विचारलं.

"थोडा ब्रेक घेतला होता," मी म्हणाले. या शब्दाचं मला अजून हसू येतं.

"घरी लहान मुलं आहेत का? रडण्याचा आवाज येतोय."

काय वाटलं कुणास ठाऊक, पण आयुष्यात इतकं सफाईदार मी कधी बोलले नव्हते. "आहेत ना दोन. पण ती दिवसभर आजीकडे असतात, घरी नसतात. हा आवाज शेजारच्यांच्या मुलांचा."

आजी साताऱ्याला होती.

मान वळवली तर गॅलरीला लागून असलेल्या खिडकीच्या जाळीला नाक लावून लेक उभी होती. तिच्या मागे मासेवाल्या मावशी. लेकीने दार उघडलंच होतं, कारण तिच्या हिशेबात मावशी म्हणजे 'कुणी' नव्हत्याच. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

आठवडाभरात कळवते, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. मावशींनी कडी काढली आणि मुलाला कडेवर घेतलं. "शेजारच्यांची हायेत का ही?" त्या म्हणाल्या. "मंग नेते मी दोगांना पाटीत घालून. आमच्या घरी पोरं नाय, सगली मोठी झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी हसत होत्या म्हणून मीही हसले. मुकाट्याने मांदेली घेतली, त्यांची बोहनी केली. लेक मात्र हसली नाही. पाटीकडे बघत ती माझ्या मागे सरकली.

मग आठवडा सुरू झाला. फोन मशीनवरच ठेवलेला, आणि दर पाच मिनिटांनी मी गॅलरीत. कुकरची शिट्टी झाली तरी मला फोन वाजल्यासारखा वाटायचा. वाजलाच तर मी किंचाळायचे, "शांत बसा! एक आवाज नकोय मला!" फोन कधी नवऱ्याचा असायचा, भाजी काय आणू विचारायला, कधी कुणाला तरी मला क्रेडिट कार्ड द्यायचं असायचं. पोळ्या करपल्या, दूध दोनदा उतू गेलं. नवरा म्हणाला, "जरा बस की." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

सोमवारी दुपारी फोन आला. बाई म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीने जुनी ड्रॉइंग दाखवली. काम आवडलं तुमचं. एक तारखेपासून याल का?"

माझे पाय जमिनीवर ठरेनात. हो म्हणणार तेवढ्यात जाणवलं, की घरात आवाजच नाही. टीव्ही बंद होता आणि रडणं नाही, भांडण नाही, काही पडल्याचा आवाजही नाही. लहान मुलांच्या घरात अशी शांतता चांगली नसते. "एक मिनिट हं," म्हणत मी फोन कानाला धरून आत आले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. बाथरूममध्ये नव्हतं. बाहेरच्या दाराची कडी लावलेली होती.

दिवाणाची चादर हलल्यासारखी वाटली. उचलून पाहिलं, तर दोघं आत. मुलगा लेकीच्या मांडीत कोंबलेला, आणि तिने त्याच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरलेला. त्याच्या मुठीत लाळेने भिजलेलं बिस्किट. तोंड बंद होतं म्हणून बिचाऱ्याला खाताही येत नव्हतं.

लेक कुजबुजली, "आम्ही घरी नाहीयोत. बोल तू."

रेंज कशी टिकली माहीत नाही, पण फोनवरून बाईंचा आवाज येत होता. "हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले. "मॅडम, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मुलं घरीच असतात. त्या दिवशी रडत होता तो माझाच."

बाई म्हणाल्या, "मग दिवसभर त्यांना बघणार कोण?"

"अजून ठरलेलं नाही."

"ठरवा, आणि मग फोन करा. जागा तोवर राहील असं मात्र मी सांगत नाही."

फोन बंद झाला. मी तशीच फरशीवर बसले, कितीतरी दिवसांनी बसले. चादर वर धरून म्हटलं, "या बाहेर."

लेक हलली नाही. "फोन संपला?"

"संपला."

"मग आता आहोत का आम्ही?"

"आहात," मी म्हणाले. "तू आहेस, तोही आहे."

तेव्हा तिने भावाच्या तोंडावरचा हात काढला. तो आधी बिस्किटाला चावला, मग आठवण झाल्यासारखं त्याने जे भोकाड पसरलं ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. मी त्याला गप्प केलं नाही.