झोया आज काही बोलली का?

अंगणवाडीत वीस वर्षं काढली की माणसाकडे किस्से आपोआप साचतात. वजन-उंचीला रजिस्टरात रकाने आहेत. पोरांच्या डोक्यात काय चाललंय, त्याला रकानाच नाही! मग ते मी भेटेल त्याला सांगत सुटते. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात मला सगळे ताईच म्हणतात.

परवा आठ महिन्यांच्या शौर्यला घेऊन त्याची आजी वजन करायला आली. रडू नये म्हणून पोराच्या हातात चमचा दिला, तर पठ्ठ्याने तो खाली टाकला. उचलून दिला, परत टाकला. दहाव्या वेळी आजी वैतागली, "लई खोडकर हाय!"

"खोडकर न्हाई, आजी. चमचा दरवेळी खालीच जातो का, ते बघून राह्यला."

"मंग सांगा ना त्याला, खालीच जातो म्हणून! माझी कंबर गेली!"

असा आमच्याकडे दिवसभर गोंगाट. गप्प फक्त झोया. तीन वर्षांची झाली, तोंडातून एक शब्द नाही. घरी उर्दू, इथे मराठी. मला वाटायचं, दोन्हींचा मेळ बसवायला वेळ घेत असेल. तिची आई शबाना रोज डोळे पुसत विचारायची, "ताई, आज कुछ बोली क्या? लोगां गूंगी बोल रहे. मेरे को बस एक बार अम्मी सुनना है." मी "बोलेल गं" म्हणायचे खरी, पण धास्ती मलाही होती. शेवटी जालन्याला कान तपासायला न्यायचं ठरवलं.

खिचडीची भांडणं तर रोजचीच. "त्याला जास्त!" म्हणून साडेतीन वर्षांचा ओम रडला, की आमच्या मदतनीस कांताबाई त्याचीच खिचडी ताटभर पसरवून देतात. ओम खूश! एकदा साडेपाच वर्षांची श्रावणी माझ्या कानात म्हणाली, "ताई, पसरली तरी तेवढीच असती. त्याला सांगू नका, मंग रडंल."

वर्षापूर्वी हीच बया पसरलेल्या खिचडीवर खूश व्हायची! मधल्या काळात तिच्या डोक्यात नेमकं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

ओमचे वडील कामाला पुण्यात. त्यांचा फोन आला, "जेवला का?" ओमने जोरात मान हलवली. "अरे, जेवला का?" पुन्हा मान. तिकडून ओरडा, "आवाज येऊन न्हाई राह्यला!"

ओम माझ्याकडे बघून म्हणाला, "पप्पाला दिसत न्हाई का?"

जालन्याला जायच्या आदल्या दिवशी शबाना लेकीला न्यायला आली. पोरं अंगणात खेळत होती. आत झोया एकटीच, दाराकडे पाठ करून बसलेली. धुतलेल्या वाट्या तिने ओळीत पालथ्या मांडल्या होत्या. पहिल्या वाटीवर बोट उगारून म्हणाली, "हात धुतले?" अगदी माझाच सूर! दुसरीला दटावलं, "ए, ढकलू नको!"

मी शबानाचा हात घट्ट धरला.

मग झोयाने सगळ्यांत मोठी वाटी उचलली, मांडीवर घेतली, फ्रॉकच्या टोकाने पुसली आणि म्हणाली, "नक्को रो, अम्मी."