जीपमधली जागा
मुलांनो, परवा लस टोचण्याआधी नर्सने दंडावर स्पिरिट चोळलं आणि त्या वासासरशी मी कारंजा गावाजवळच्या त्या खेड्यात जाऊन पोचले, जिथे नोकरीच्या सुरुवातीला मी शाळेत शिकवत असे. समोरच्या घरातली सून तिसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर पांढरीफटक पडली होती. "हिला आणखी एक बाळंतपण झेपणार नाही, आणि टाक्याचं ऑपरेशनही नाही, नवऱ्याचीच नसबंदी करा," असं तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, आणि तो तयारही झाला होता. कुटुंबनियोजन शिबिराची जीप आली तेव्हा तो धुतलेला सदरा घालून आत बसला. पारावरचे लोक हसले, "उद्यापासून लुगडं नेसजो, भाऊ!" तरी तो बसून राहिला. मग त्याची आई धावत आली. "उतर खाली! मानसाची ताकद जाते त्यानं. मंग वावरात कोन राबन?" तो मान खाली घालून उतरला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, तशी ओसरीवरून सून उठली, तान्ही मुलगी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मॅडम, इले पाहजा जराशी," आणि नवऱ्याच्याच जागी जाऊन बसली. शिबिरात तिला कुणी अडवलं नाही. टाक्यांत पू झाला, ताप चढला आणि आठवड्याच्या आत ती गेली. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि त्याला मुलगा झाला. पेढे द्यायला आलेली त्याची आई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं मॅडम, तवा पोराले जीपमधून उतरवलं." मुलांनो, तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, नुसता आनंद होता, इतक्या वर्षांनीही घर शांत असलं की तो आनंद मला ऐकू येतो.