एल्झीच्या गळ्यातली शिट्टी

ज्याने अग्नीला दाह दिला आणि त्या दाहाला आवरही दिला, त्या दयाघनाच्या चरणी आधी माथा. चुकलेल्यालाही जो दाराबाहेर उभा ठेवत नाही, त्याचे स्मरण करावे आणि मगच आमच्या एल्झी क्रॅब्ट्रीचे नाव घ्यावे.

मिसूरीच्या डोंगरात, शेल क्रीकच्या काठी, आमचे ठासणीच्या हत्यारांचे मंडळ आहे. काडतूस येथे वर्ज्य. बंदुकीची काळी दारू मापावी, शिशाची गोळी ठासावी, तांब्याची टोपी चढवावी आणि पणजोबांच्या रीतीने बार काढावा. तेवीस वर्षे या मैदानाची शिट्टी एल्झीच्या गळ्यात होती. ती वाजली की चापावरचे बोट निघालेच पाहिजे.

उमेदीत तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर असे. तेथे डाव्या हाताची करंगळी गेली. "एक घाईनं खाल्लं," तो सांगे, "उरलेली नऊ माझी आहेत."

त्याने रिव्हॉल्व्हर भरावे आणि आपण पाहावे! आधी नुसत्या टोप्या उडवून आतले तेल जाळायचे. मग प्रत्येक कप्प्यात मापाने दारू, वर गोळी. ठासताना शिशाची बारीक कडी कापून निघाली, की गोळी घट्ट बसली. वर चरबीचे बोट, म्हणजे एका कप्प्याची ठिणगी शेजारी शिरत नाही. कप्पे सहा, पण बार पाच. घोडा रिकाम्या कप्प्यावर. टोप्या सर्वांत शेवटी, नेमाच्या रेषेवर उभे राहून, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून. आणि भरताना मौन!

जो दारू घालायला विसरून नुसती गोळी ठासेल, त्याने दिवसभर गळ्यात गाईची घंटा बांधून फिरायचे, ही प्रथा एल्झीनेच घातली. स्वतःपुरती त्याने आणखी एक शपथ घेतली होती: माझ्या हातून भरणी चुकेल, त्या दिवशी शिट्टी उतरवीन.

एप्रिलच्या सामन्याला तो शेवटच्या फेरीत स्वतः नेम धरणार होता. तेवढ्यापुरती शिट्टी डॉयल हॉजकडे दिली. डॉयल म्हणजे अंगाने हत्ती आणि जिभेने चिमणी. शेजारच्या मेजावर ओलेटा ग्रिग्ज आपल्या दिवंगत नवऱ्याचे रिव्हॉल्व्हर पहिल्यांदाच भरत होती.

"एल्झी, चरबी एवढी पुरे का रे? मला मेलीला भीती वाटते."

एल्झीचा हात मापावर होता. त्याने मौन मोडले. "अजून बोटभर लाव. आणि भिऊ नकोस, भिणारीच माणसं जपून भरतात." बोलून तो वळला आणि पुढची गोळी उचलून ठासली.

रेषेवर तीन बार उडाले. तिन्ही मधल्या काळ्या ठिपक्यात. चौथ्याला मात्र नुसते फट्‌. ना धूर, ना धक्का.

"दारू दमट निघाली, काका!" डॉयल ओरडला. "मारा की पुढचा! तिकडे विलोडीनकाकूंनी सगळ्यांसाठी शिजवलेला घेवडा गार होतोय."

एल्झी हलला नाही. दबलेला बार उशिराही उडू शकतो, म्हणून नळी बांधाकडे धरून त्याने मोठ्याने साठपर्यंत आकडे म्हटले. कोणी हसले, कोणी घड्याळ दाखवले. तो आकडा सोडीना. मग उरलेल्या कप्प्याची टोपी काढली, कप्प्यांचे चाक उतरवले आणि नळीच्या तोंडातून गज सारला. गज वीतभरही आत गेला नाही, अडला.

गोळी नळीतच होती. दारूवाचून एकट्या टोपीने तिला अर्ध्या वाटेवर आणून सोडले होते. मागून पाचवा बार आला असता, तर ती नळी फुटून हातात आली असती.

"दारू दमट होती" एवढे म्हणणे सोपे होते. डॉयलने ते तोंडात दिलेच होते. एल्झी वळला.

"दारू घालायला विसरलो. घंटा आणा. शिट्टी डॉयलकडेच राहू द्या."

"माझ्यामुळे झालं," ओलेटाचे डोळे भरले.

"प्रश्न तुझा होता, बाई. हात माझा होता."

विलोडीनने घंटा आणली आणि नवऱ्याच्या गळ्यात बांधली. "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, याच दिवसाची वाट पाहत होते," ती म्हणाली. "आता घरात कुठे धडपडतोस ते तरी कळेल!"

हशा उसळला, डॉयल मात्र हसला नाही. तो शिट्टी काढून पुढे आला.

"काका, तुम्ही विसरलात ते गोळी ठासताना. मी तर शिट्टी हातात असून 'मारा' म्हणालो. ही माझ्याकडे राहिली, तर पुढच्या एप्रिलपर्यंत या गावात दहा बोटांचा माणूस उरायचा नाही. घ्या परत."

"माझी शपथ आहे."

"शपथ शिट्टी उतरवण्याची होती. उतरवलीत की! आता आम्ही चढवतो."

ओलेटाने शिट्टी घेतली आणि घंटेशेजारी अडकवली. एल्झीने ती ओठांना लावून फुंकली, रेष मोकळी केली आणि आम्ही घेवड्याकडे निघालो. तो पुढे, घंटा वाजवीत.

देवा, एल्झीची नऊ बोटे अशीच शाबूत ठेव. विलोडीनच्या चुलीवरचा घेवडा कधी आटू नये, मक्याचा पाव कधी सरू नये. त्या घरात चूक आली तरी खरेपणाचा हात धरून यावी, आणि त्यांच्या दारात येणारा प्रत्येक जण धडधाकट परतावा.