ग्रहण सुटेपर्यंत

दमा मला पोरवयापासूनचा. बाजरीची मळणी सुरू झाली की माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले, तेव्हा शेवगावच्या डॉक्टरांनी आईसमोर बजावलं, "गोळी चुकवायची नाही. हिला श्वास पुरला नाही तर बाळालाही पुरत नाही." मी पडले विसरभोळी, म्हणून गोळ्यांची पुडी आईनं स्वतःच्याच कनवटीला लावली.

आठव्या महिन्यात चंद्रग्रहण आलं. वेध लागले तसं आईनं मला आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, झरोक्यात गोणपाट कोंबलं. खायचं नाही, प्यायचं नाही, अंगसुद्धा खाजवायचं नाही.

"मी काय चोर हाय व्हय?" मी हसून विचारलं.

"गप बस. लेकराचा व्हट फाटला म्हंजी?"

गोणपाटाची धूळ होती की थंडी, देव जाणे, दिवेलागणीलाच दम उठला. गोळी मागितली. आई म्हणाली, "वाईच कळ काढ, माझे बाई. तोंडात काय घेऊ नगं." एका हातानं ती माझी पाठ चोळत होती, दुसरा कनवटीवर घट्ट. रडतही होती. बाहेर 'दे दान, सुटे गिऱ्हान' अशी हाळी आली की म्हणायची, "सुटत आलं बघ." मी हात जोडले, मग शिव्या दिल्या. मग बोलायलाही श्वास उरला नाही. पोटातलं बाळ जोरात फिरलं आणि निपचित झालं.

ग्रहण सुटलं. आईनं आधी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, मग गोळी दिली. माझा श्वास हळूहळू जाग्यावर आला. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. बाळ काही हललं नाही.

बैलगाडीनं शेवगावला नेलं. तिथल्या दवाखान्यात मी मेलेली मुलगी जन्माला घातली.

आईनं तिला मांडीवर घेतलं, फडकं बाजूला केलं. कान पाहिले, बोटं पाहिली. मला वाटलं आईचा जीव घ्यावा, आणि वाटलं तिच्याच कुशीत शिरून रडावं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही माझ्याच्यानं. ती पोरीच्या ओठावरून बोट फिरवत मला सांगत राहिली, "बघ, कुटंबी फाटलं न्हाई. समदं धड हाय."